क्लीनरचा ड्रायव्हर होतो, मावशीची मावशीच राहते

मी सोलापुरात शाळेच्या बसवर मावशी आहे. कागदावर लिहितात ‘महिला मदतनीस’, पण हाक मावशीच. मुलं मावशी म्हणतात, ड्रायव्हरकाका मावशी म्हणतात, माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेला ठेकेदाराचा मुनीमही मावशीच म्हणतो. या कामाला अकरा वर्षं झाली. सकाळी पावणेसहाला घरातून निघायचं, बत्तीस मुलं चढवायची, उतरवायची, मोजायची. कुणाला ओकारी आली तर पुसायची, कुणी भांडलं तर सोडवायचं. दुपारी पुन्हा तेच उलट्या दिशेने. पगार सात हजार, तोही दहाच महिने. मे महिन्याच्या सुटीत आम्ही घरी, आणि पगारही घरी. माझ्या उजव्या हाताला दोन फुटांवर बसणाऱ्या ड्रायव्हरकाकांना पंधरा हजार, आणि तेही बारा महिने.

मला ही मावशीची सीट सोडून त्या दुसऱ्या सीटवर बसायचं आहे. बेचाळीसाव्या वर्षी ते ठरवलं आणि निम्म्या वाटेवर आले आहे. अजून पोचलेली नाही, म्हणून ही यशाची गोष्ट नव्हे. पोचल्यावर सत्काराच्या भाषणात माणूस खोटं बोलायला लागतो, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

सुरुवात अशी झाली. २०२४ च्या पावसाळ्यात एका दुपारी आमच्या ड्रायव्हरकाकांना बस चालवतानाच घाम फुटला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांना साखरेचा आजार आहे. शहाण्या माणसाने कसाबसा ब्रेक दाबला, बस रस्त्याच्या मधोमध थांबवली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकलं. मागे एकोणतीस मुलं. दोन्ही बाजूंनी ट्रक हॉर्न देत होते. मी मुलांना धरून बसवलं, काकांच्या तोंडात एका मुलाच्या डब्यातला गूळ घातला, फोन केले. पण बस? ती हातभर बाजूला घेणं मला जमेना. अकरा वर्षांतली निदान नऊ वर्षं मी त्या गिअरकडे पाहत बसले होते. कुठल्या वळणावर कुठला गिअर पडतो ते मला पाठ होतं. पण चावी कधी हातात घेतली नव्हती. दुसरा माणूस येईपर्यंत पाऊण तास आम्ही रस्त्याच्या मधोमध होतो. काही झालं नाही, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराला म्हटलं, ‘शेठ, मला निदान गाडी बाजूला घेण्यापुरती शिकवा. सुटीच्या दिवशी आवारात शिकेन. डिझेलचे पैसे कापा हवं तर.’ तो हसला. रागावला असता तरी चाललं असतं. ‘मावशी, तुम्ही पोरं सांभाळा. गाडीचं आम्ही बघतो.’

त्याच वेळी आवारात आमचा क्लीनर बस धूत होता. विशीतलं पोरगं, येऊन दीड वर्ष झालेलं. धुऊन झाल्यावर त्याने चावी घेतली, बस मागे घेतली आणि भिंतीला लावली. त्याला कुणी हसलं नाही. कारण क्लीनर म्हणजे होणारा ड्रायव्हर, हे सगळ्यांना मान्य आहे. आमच्या ठेकेदाराच्या सात बस आहेत. त्यावरच्या सातपैकी चार ड्रायव्हर पूर्वी क्लीनर होते. माझ्या डोळ्यांसमोर दोघांचे ड्रायव्हर झाले. त्यांना मी डब्यातली भाकरी दिलेली आहे. आणि या अकरा वर्षांत सात बसवर मिळून वीस-बावीस मावश्या आल्या आणि गेल्या. त्यांच्यातल्या एकीनेही चावीला हात लावला नाही.

मैत्रिणींनो, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. क्लीनर आणि मावशी, दोघंही त्याच गाडीवरचे मदतनीस. दोघंही कमी शिकलेले, दोघंही गरीब. पण एकाच्या कामाला पुढची पायरी आहे आणि दुसरीच्या कामाला नाही. पुरुषाचं हलकं काम म्हणजे उमेदवारी. बाईचं हलकं काम म्हणजे तिचा स्वभाव. म्हणून तो शिकतो आणि ती ‘सांभाळते’.

गंमत अशी की मावशीची ही नोकरी कायद्याने निर्माण झालेली आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात शालेय बसचे नियम आले आणि मुली असलेल्या बसवर बाई मदतनीस ठेवणं बंधनकारक झालं. नियम चांगलाच आहे. त्याने हजारो बायकांना काम दिलं, मलाही दिलं. पण नियमाने बाईला बसमध्ये चढवलं ते दारापाशी उभं राहायला. पुढे सरकायची वाट कुणी आखली नाही.

समान वेतनाचा कायदा १९७६ पासून आहे. आता तो वेतन संहितेत सामावला आहे. एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त देता येणार नाही, असं तो सांगतो. ठेकेदार म्हणेल, मी कुठे भेद करतो? बाई ड्रायव्हर असती तर तिलाही पंधरा हजार दिले असते. खरंच आहे ते. बाईला त्या कामापर्यंत पोचूच द्यायचं नाही आणि मग समान कामाला समान दाम म्हणायचं, यात ठेकेदाराचा एक रुपयाही खर्च होत नाही.

आता आपल्याबद्दलही बोलू. आपल्याच मासिकात आपल्यालाच बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं?

मी वस्तीच्या बैठकीत हा विषय काढला. बायका माझ्या बाजूच्याच होत्या. पण सल्ले काय आले? एकीने शिवणाचा क्लास सुचवला, दुसरीने पार्लर. तिसरी म्हणाली पापड कर, बचतगटातून कर्ज मिळेल. एक ताई, जिच्याबद्दल मला फार आदर आहे, म्हणाली, ‘अगं, घरात बसून होईल असं काहीतरी बघ. मुलांकडेही लक्ष राहील.’ घराबाहेर पडून अकरा वर्षं झालेल्या बाईला घरात परत नेणारा सल्ला स्त्रीमुक्तीच्या बैठकीत मिळाला! सरकार बायकांसाठी प्रशिक्षण म्हटलं की शिवणयंत्र काढतं, यावर आपण टीका करतो. आणि आपल्या बैठकीत आपणही तेच यंत्र काढतो.

शिवणकामाला मी नावं ठेवत नाही. पण आमच्या गल्लीत सहा शिवणयंत्रं आहेत. त्यातली चार घडी घालून ठेवलेली. सहाजणींनी एकच काम शिकलं की एका ब्लाउजच्या शिलाईवर सहाजणी झगडतात. काम निवडताना ‘बाईला काय शोभतं’ असं विचारलं की उत्तर शिवण येतं. ‘कोणत्या कामाला पैसा आहे आणि ते पुरुषांनी का अडवून धरलंय’ असं विचारलं की उत्तर वेगळं येतं.

माझी आई बिडीकामगार. आम्ही पूर्वभागातले. घरी तेलुगू, शाळेत मराठी. अम्मा दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसायची आणि संध्याकाळी कारखान्यात बिड्या मोजून द्यायची. छाट काढून उरेल त्याचे पैसे. तिच्या आईनेही तेच केलं. घरात बसून होणारं, मुलांकडे लक्ष राहील असं हेच ते काम! त्याने तिचे डोळे गेले आणि तंबाखूने छाती गेली. पण तिच्या नावावर घर आहे. कुंभारीला गोदूताई परुळेकर नगर आहे, तिथे बिडीकामगार बायकांसाठी दहा हजार घरं झाली आणि २००६ मध्ये ती बायकांच्या ताब्यात आली. ते कुणी प्रेमाने दिलं नाही. बायका मोर्चे काढून थकल्या नाहीत म्हणून झालं. मी हे मुद्दाम सांगते. अम्माला कुणी म्हणालं असतं की ‘हिंमत कर, स्वप्न बघ, घर होईल’, तर घर झालं नसतं. युनियन होती म्हणून झालं.

आजकाल काम बदलण्याबद्दल जो तो बोलतो. मोबाईल उघडला की कुणीतरी सांगत असतं, मनासारखं काम शोधा, भीती सोडा, झेप घ्या. ही भाषा ज्यांच्या खाली जाळी बांधलेली आहे त्यांची. माझ्याखाली सात हजार रुपये आहेत. नवऱ्याचा माग आठवड्यातले चारच दिवस चालतो. मुलगी बारावीला, मुलगा आठवीला. मी झेप घेतली तर चौघं पडतो. मी झेप घेतली नाही, वही घातली.

त्या वहीत मी पहिल्या पानावर लिहिलं, काम सोडायचं नाही. नवीन काम हातात येईपर्यंत मावशीच राहायचं. दुसऱ्या पानावर, सहा महिन्यांचा घरखर्च आणि कोणते खर्च थांबवता येतील. तिसऱ्या पानावर, नियम काय आहेत. हे तिसरं पान भरायला मला दोन महिने लागले, कारण बाईला नियम कुणी सांगत नाही. पुरुषाला चहाच्या टपरीवर सांगतात. म्हणून इथे सगळं लिहून टाकते. कुणाला तरी दोन महिने वाचतील.

हलक्या वाहनाचं लायसन्स आधी काढावं लागतं. ते मिळून एक वर्ष झाल्याशिवाय अवजड वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला अवजड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिल्लीतल्या शाळांच्या बसबाबत सांगितलं होतं. मला हा नियम मान्य आहे. एकोणतीस मुलं मागे बसवून कुणी शिकू नये. पण त्याचा अर्थ असा की आज सुरुवात केली तर माझ्या सीटवर मी अठ्ठेचाळिशीत बसेन. त्याआधी मधली पायरी हवी. ती अशी सापडली: नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचं प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागणार नाही. म्हणजे छोटा टेम्पो मी पहिल्याच लायसन्सवर चालवू शकते. वहीत त्या दिवशी मी लाल पेनाने खूण केली.

मग कागद. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारकार्डावर सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच, कारण लिहिणाऱ्याने चुकवलेलं. लग्नाची नोंद केलेली नव्हती. ती केली, दाखला काढला, मग नावं जुळली. यात सहा हेलपाटे झाले, म्हणजे सहा दिवस खाडे. माझ्या नवऱ्याचं नाव जन्मापासून एकच आहे. त्याला हा खर्च कधी आला नाही. लग्नानंतर बाईचं नाव बदलण्यावर आपण तत्त्वाच्या चर्चा करतो. त्या चर्चेत मजुरीचा हिशेबही धरा.

चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरचा दाखला लागतो. तो घेतला. शिकाऊ लायसन्सची परीक्षा मुलीच्या मोबाईलवरून मराठीत दिली. हे लायसन्स सहा महिने चालतं, आणि पक्क्या परीक्षेला तीस दिवसांनंतरच बसता येतं. ड्रायव्हिंग स्कूलची फी सहा हजार. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये महिन्याला मिळू लागले होते. चार महिन्यांचे हप्ते मी बाजूला ठेवले. सासूबाईंनी विचारलं, पैसे गेले कुठे? मी सांगितलं, स्टीअरिंगमध्ये. त्या योजनेचा एक नियमही मी वाचला. कुटुंबात कुणाच्या नावावर चारचाकी असेल, तर बाई अपात्र. ट्रॅक्टर चालतो. म्हणजे उद्या मी कर्ज काढून पोटासाठी छोटा टेम्पो घेतला, तर सरकारच्या लेखी मी श्रीमंत झाले. बहीण लाडकी आहे, पण पायी चालते तोवर.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारा पुरुष. आमच्या तुकडीत मी एकटी बाई. बाकीची सगळी पोरं. त्यांतल्या बहुतेकांना गाडी आधीच येत होती. काकाचा टेम्पो, मित्राची रिक्षा, शेतातला ट्रॅक्टर यांवर शिकून ती फक्त कागदासाठी आली होती. मी गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा क्लच कुठल्या पायाने दाबायचा ते माहीत होतं, पण पायाला माहीत नव्हतं. रोज वीस मिनिटं, अशी पंधरा दिवस. मास्तर क्लचवर स्वतःचा पाय ठेवून बसायचा. सहाव्या दिवशी मी गाडी थांबवली आणि म्हटलं, ‘पाय काढा. मी फी भरलीय.’ त्याने काढला. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा चालली.

आणि सरावाचं काय? हा प्रश्न कुठल्याच योजनेत नाही. वर्ग संपला की मुलगा मित्राची गाडी मागतो. मी कुणाची मागू? पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना गाडी खांबाला लागली आणि मी नापास झाले. नापास झाल्यावर सात दिवस थांबावं लागतं. त्या सात दिवसांत ज्यांनी मला त्यांच्या नातेवाइकाची जुनी गाडी मैदानावर आणून दिली, ते आमचे ड्रायव्हरकाका. तेच, ज्यांना मी गूळ खायला घातला होता. म्हणून पुरुष म्हणजे शत्रू असं मी लिहिणार नाही. पण माझं शिक्षण एका भल्या माणसाच्या भलेपणावर अवलंबून राहिलं, हेही विसरणार नाही. पुरुषांचं शिक्षण कुणाच्या भलेपणावर अवलंबून नसतं. ते रिवाजावर चालतं.

घरातलंही सांगते, नाहीतर हिशेब अर्धा राहील. वर्ग संध्याकाळी सहाला. त्या वेळी चूल. दोन दिवस मुलगी न सांगता स्वयंपाकाला लागली. तिची बारावीची सराव परीक्षा तोंडावर होती. तिसऱ्या दिवशी मी वर्गाला गेलेच नाही. घरी बसले आणि सगळ्यांना म्हटलं, ‘मी पुढे जायचं म्हणून माझ्या पोरीने मागे यायचं असेल तर मला लायसन्स नको.’ नवरा चिडला. ‘तुला हे नसते उद्योग कुणी सांगितले? लोक काय म्हणतात ते मला ऐकावं लागतं.’ मी म्हटलं, ‘तुम्ही ऐका. पण भात लावून ऐका.’ आठवडाभर अबोला होता. मग आठवीतला मुलगा भात आणि आमटी करायला शिकला. नवरा भाजी चिरतो. दार लावून चिरतो, पण चिरतो. बाईच्या कामबदलाची पहिली पायरी आरटीओत नसते. ती चुलीपाशी असते. आणि तिथे दुसऱ्या बाईला उभं करून आपण निसटलो, तर काहीच बदललं नाही.

लायसन्स हातात येऊन आठ महिने झाले. अजून मी मावशीच आहे. येत्या मे महिन्यात, बिनपगारी सुटीत, माझी पहिली कमाई होईल अशी आशा आहे. आमच्या ओळखीचा एक बचतगट कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो. माल दुकानांत पोचवायला ते टेम्पोवाल्याला पैसे देतात, आणि बरेचसे देतात. भाकरी थापणाऱ्या सगळ्या बाया आणि नेणारा पुरुष. मी त्यांना म्हटलं, एक महिना भाड्याचा टेम्पो मी चालवते. त्यांच्यातही खळखळ झाली. ‘भाकरी मोडल्या तर?’ पुरुष ड्रायव्हरच्या हातून मोडल्या तर खड्डा वाईट. माझ्या हातून मोडल्या तर बाई वाईट. शेवटी त्यांनी होकार दिला, एका महिन्यापुरता. जमलं नाही तर जूनमध्ये मी पुन्हा मावशीच्या सीटवर, आणि वहीत नवीन पान.

आता लोकांच्या शंका.

पहिली शंका, बायकांना हे जमतं का? तामिळनाडूत वसंतकुमारी १९९३ पासून सरकारी बस चालवू लागल्या. दिल्लीच्या परिवहन महामंडळात व्ही. सरिता २०१५ मध्ये आल्या. मुंबईत बेस्टच्या बसवर लक्ष्मी जाधव २०२२ मध्ये. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या शेवटी रेल्वेत इंजिनावर गेल्या आणि २०२५ मध्ये निवृत्तही झाल्या. एका बाईची पूर्ण नोकरी संपली, तरी आपण अजून ‘जमतं का’ विचारतो आहोत. आणि या सगळ्यांच्या नावामागे ‘पहिली’ हा शब्द किती वर्षं लागायचा? १९९३ मध्ये पहिली, २०१५ मध्ये पहिली, २०२२ मध्येही पहिली. पहिलीला हार घातला की दुसरीची भरती करायची गरज राहत नाही, असंच चाललंय. मला पहिली व्हायचं नाही. मला चाळिसावी व्हायचं आहे, जिचा फोटो कुणी काढत नाही.

दुसरी शंका, नियम आड येतात. येतात, पण ते वाकतातही. एसटी महामंडळाने २०१९ मध्ये बायकांना चालक-वाहक म्हणून घेताना उंचीची आणि अनुभवाची अट शिथिल केली. त्यांचं प्रशिक्षण लांबलं, तरी २०२३ मध्ये एसटीच्या स्टीअरिंगवर बाई दिसली. म्हणजे अट देवाने लिहिलेली नव्हती. त्याच २०२३ मध्ये बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. अर्ध्या तिकिटावर बसणाऱ्या बायांनी एसटी भरून गेली. पण पुढच्या सीटवर किती बसल्या?

तिसरी शंका, सरकारने गुलाबी ई-रिक्षा दिली की! दिली. वीस टक्के सरकारचे, दहा टक्के बाईचे, सत्तर टक्के बँकेचं कर्ज. मी या योजनेच्या विरोधात नाही. जिला जमेल तिने जरूर घ्यावी. पण रिक्षा गुलाबी असण्याशी मला काही देणंघेणं नाही. रिक्षा कुठे उभी करायची आणि लघवीला कुठे जायचं, ते सांगा. मुंबईत बायकांच्या संघटनांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली, तेव्हा लोक हसले. आम्ही बसवरच्या मावश्या सकाळी पाणी पीत नाही, साडेनऊपर्यंत धरून बसतो. ड्रायव्हर भिंत बघतो. रंग देणं स्वस्त असतं. संडास बांधणं महाग असतं. म्हणून रंग मिळतो. आणि परवाना बाईच्या नावावर, गाडी नवऱ्याच्या हातात, असं होत असेल तर ते आपल्याच गटांनी तपासलं पाहिजे.

चौथी शंका आपल्यातलीच, आणि तीच मला सगळ्यांत टोचते. एका मैत्रिणीने विचारलं, ‘ड्रायव्हरची नोकरी तरी कसली? तीही ठेक्यावरची. पुरुषाच्या पिळवणुकीत वाटा मागायचा का? आणि मुलं सांभाळणं हलकं आणि गाडी हाकणं भारी, हे तूही मानायला लागलीस?’

मी यावर पुष्कळ विचार केला. मुलं सांभाळणं हलकं नाही. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध एकोणतीस मुलं मी शांत ठेवली. ते कौशल्यच होतं. काका बेशुद्ध होत होते तेव्हा बस मी सांभाळली, फक्त चालवली नाही. म्हणून माझी मागणी एक नाही, दोन आहेत. मला पुढे सरकायची वाट हवी. आणि माझ्या जागी जी मावशी येईल तिला बारा महिन्यांचा, पोट भरेल असा पगार हवा. पहिली मागणी करून दुसरी विसरले, तर मी निसटलेली बाई. दुसरी करून पहिली सोडली, तर आम्ही मावश्या कायम दारापाशी. आणि ठेक्याच्या विरोधात भांडायचं झालं, तर स्टीअरिंगवर बसलेल्या बाईचा संप दारात उभ्या राहिलेल्या बाईच्या संपाहून लवकर ऐकू येतो. आम्ही थांबलो तर दुसरी मावशी आणतात. ड्रायव्हर थांबला तर बस थांबते.

तेव्हा आपल्या संघटनेपुढे मी या गोष्टी ठेवते.

बायकांना कामबदलाचा सल्ला देताना शिवण, पार्लर, पापड ही तीन नावं एक वर्ष उच्चारायची नाहीत. त्याऐवजी आपल्या वस्तीतून पाच किलोमीटरच्या आत कोणत्या कामांना पैसा आहे, याची यादी करायची.

ज्या कामाच्या शेजारी बाई आधीच उभी आहे, त्या कामाची मागणी आधी करायची. बसवरच्या मावशीने ड्रायव्हरची, दवाखान्यातल्या आयाने नर्सिंगची, बांधकामावरच्या बिगारीणीने गवंड्याची. शेजारी उभं राहून तिने निम्मं काम पाहून पाहून शिकलेलं असतं. ते मोजलं जावं.

शाळेच्या बसच्या प्रत्येक ठेक्यात अट हवी, की मदतनीस बाईला इच्छा असेल तर सुटीच्या दिवसांत गाडी शिकवावी आणि त्या दिवसांची मजुरी द्यावी. ठेका देताना शाळेने ही अट घालावी आणि पालकांनी ती मागावी. पालकांनो, तुमच्याही मुलांचा जीव त्यात आहे.

गटाच्या पैशातून एक जुनी गाडी सरावाला घ्यावी. कर्ज नको, भाषण नको, सरावाला गाडी हवी. आणि वर्गाच्या वेळात मुलं कोण बघणार, हे गाडी घेण्याआधी ठरवावं.

शेवटी एक काम, पुढच्या बैठकीसाठी. प्रत्येकीने एक कागद आणायचा. त्यावर लिहायचं, मी ज्या कामावर आहे तिथे माझ्या शेजारी कोण उभं असतं, त्याला किती मिळतात, आणि तो तिथवर कसा पोचला. बस्स, एवढंच. मी माझा कागद आणते. त्यावर क्लीनरचं नाव आहे. परवाच त्याला अवजड वाहनाचं लायसन्स मिळालं. मी त्याला पेढा दिला, आणि चावी मागितली.